गिरणगावच्या आठवणी काढताना आपण नेमकं कशासाठी हळहळतो?

भोईवाडा

२०२५ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी बंद झाला आणि तेव्हापासून जुन्या गिरणगावच्या, म्हणजे परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या भागाच्या, फोटोंना ऊत आला आहे. गिरण्यांच्या चिमण्या, ट्राम, भारतमाता टॉकीज, लालबागचा उड्डाणपूल होण्याआधीचा मोकळा आंबेडकर रस्ता. खाली सगळ्यांचं एकच, 'गेले ते दिवस'.

चिमण्या पाडल्या याचं मला फारसं वाईट वाटत नाही. खालची जमीन ज्या तऱ्हेने गेली, त्याची चीड येते आणि या फोटोंखाली तिच्याबद्दल कोणी अक्षर काढत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. ढोबळमानाने वाटणी अशी होती : गिरणीची जागा विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. सगळ्या गिरण्या मिळून जमीन सहाशे एकरांच्या आसपास, तीही इतक्या दाट वस्तीच्या पोटात. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची करायची, बांधकामाखालची जागा त्यातून वगळायची! गिरणीत शेडला शेड लागून असते, मोकळी जागा असणार किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. परळला जी मैदानं आणि घरं मिळायची होती, ती तिथेच आटली. हळहळायचंच तर त्यासाठी हळहळा.

नायगावकर

जमिनीचं तुमचं म्हणणं ठीक आहे. पण 'जुनं गिरणगाव' म्हणून जे काही मिरवलं जातं त्याला माझा सरळ विरोध आहे. मी नायगावच्या सरकारी बीडीडी चाळीत वाढलो, अजून तिथेच राहतो. खोली १६० चौरस फुटांची. एका मजल्यावर वीस खोल्या आणि संडास सामाईक. मोरीला पडदा लावून घरातल्या बायका अंघोळ उरकणार, तेवढा वेळ पुरुषांनी गॅलरीत जाऊन उभं राहायचं. दादाचं लग्न ठरलं तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती रात्री कोण कुठे झोपणार याची. आजी वारली तेव्हा आलेली माणसं जिन्यात बसली होती.

आमच्या गॅलरीत फोटो काढायला येतात, कठड्याला टेकून 'काय माणसं होती' म्हणतात आणि संध्याकाळी आपापल्या फ्लॅटवर परत जातात. या चाळी १९२० च्या दशकातल्या. छताची सळई दिसते. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ते बघून माझी आई रडली. नायगावचा नंबर लागायची आम्ही वाट बघतोय. माझ्या दृष्टीने ही चाळ जितक्या लवकर पडेल तितकं बरं.

भोईवाडा

नायगावकर, चाळ टिकवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. उलट बीडीडीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जमीन सरकारच्या हातात होती, म्हणून तुम्हाला होतं तिथेच घर मिळतंय. गिरणी कामगारांची गत बघा. दीड लाखाच्या आसपास अर्ज. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, तीही २२५ चौरस फुटांची. पुढे पनवेलजवळ कोनला. आणि आता शेलू, वांगणी. ज्यांच्या घामावर हा भाग उभा राहिला, ते बदलापूरच्याही पलीकडे.

लोअरपरळ_रोजची

मी कल्याणहून रोज इथे नोकरीला येते. एका जुन्या गिरणीच्या आवारातच आमचं ऑफिस आहे. या चर्चेत आमच्यासारख्यांची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहिते.

कापडगिरण्या या शहरात टिकणारच नव्हत्या. १९८२ च्या संपाच्या आधीच यंत्रमागांचं काम भिवंडी-इचलकरंजीकडे सरकलं होतं आणि मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घातला नव्हता. गिरणीचा भोंगा बंद झाला म्हणून शहर मेलं, हे मला मान्य नाही. आज इथे हजारो मुली बॅंकांत, जाहिरातीत, हॉटेलांत काम करतात. माझ्या आईला वयाच्या पंचविशीत अशी संधी कुठे होती?

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ऑफिसं उभी करताना माणसं येणार कशी, याचा कोणी विचारच केला नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४. डिलाईल रोडचा पूल २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्ण सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर आम्ही सगळे वळसे घालत होतो. जुन्या रस्त्यांचे गोडवे गाण्यापेक्षा आजच्या फुटपाथबद्दल भांडा.

दुसरी_पाळी

मी गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर होतो, आधी बदली कामगार, मग कायम. भोंगा ऐकून ज्यांना भरून येतं, त्यांनी बहुधा तो बाहेरूनच ऐकला असणार. आत शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारच्याशी खुणेनेच बोलावं लागायचं. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल राखलेली, त्यात कापसाची धूळ. माझ्या वडिलांच्या पिढीला धोट्याच्या, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नळीच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी. घरोघरी क्षय का होता, ते यावरून समजा.

तरी बाई, तुमचं एक वाक्य मला झोंबलं. 'टिकणारच नव्हत्या' हे फार सोपं झालं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख माणूस उगीच बाहेर पडला नव्हता. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच कामगार संघटनेला मान्यता, तिच्यावर आमचा विश्वास उरलेला नाही आणि दुसरी निवडायची सोय नाही. गिरणी तोट्यात म्हणून सांगितलं, पण तिच्या जमिनीचा भाव तोट्यात नव्हता. माझ्या राहत्या गाळ्यातले निम्मे जण संपात गावी गेले ते परत आलेच नाहीत.

नायगावकर, तुमच्या आईला नव्या घरी सुखाने राहू दे. त्यात माझा काहीच आक्षेप नाही.

चिवडागल्ली

जमीन, पूल, संप, सगळं बोलून झालं. रस्त्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते.

उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत एकदा जाऊन या. बायका बेडगी, संकेश्वरी निवडून घेतात, देठं काढतात, धणे-खसखस भाजून घेतात आणि मसाला कुटायच्या डंखावर नंबर लावतात. आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात जाऊ नये म्हणून शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत समोर उभ्या राहतात. शिंकत, डोळे पुसत, सुनेच्या बाळंतपणापासून खोलीच्या भाड्यापर्यंत सगळं बोलणं तिथेच होतं. हे चालतं कारण दुकान रस्त्याला लागून आहे.

नवीन टॉवर बघा. खाली भिंत, फाटक, वॉचमन आणि वर चार-पाच मजले नुसत्या गाड्या. त्या भिंतीच्या कडेने संध्याकाळी एकट्या बाईला चालायला नको वाटतं. माझी आजी खाणावळ चालवायची. रातपाळीचे गडी जेवून जायचे, हिशोब पगाराला. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. तळमजल्यावरच्या खोलीत चार पाट मांडले की बाईचा धंदा उभा राहत होता. बाविसाव्या मजल्यावर कोण येणार जेवायला?

नायगावकर

ताई, बाविसाव्या मजल्यावर ऑर्डर फोनवरून येते. आमच्या शेजारची वहिनी आजही चाळीतून डबे देते, एका शेगडीवर. मोठा ओटा मिळाला तर दुप्पट देईल. महिन्याच्या मेंटेनन्सची मात्र मला खरी धास्ती आहे, ते लपवत नाही. पण त्या भीतीने सामाईक संडासाच्या रांगेत आणखी वीस वर्षं काढायची माझी तयारी नाही.

चिवडागल्ली

मोठं घर तुमच्या हक्काचंच आहे. मी फक्त एवढंच मागते की नकाशा मंजूर करताना रस्त्याकडेला भिंतीऐवजी दुकानांचे गाळे ठेवा, आणि ते आधी जुन्या दुकानदारांना द्या. याला जागा जास्त लागत नाही.

लोअरपरळ_रोजची

हे पटलं. पण काका, मला एक सांगा, शेलूला घर लागलं तर घ्याल का?

दुसरी_पाळी

नाही घेणार. मी सत्तरी ओलांडली आहे. महिन्यातून एकदा केईएमला जावं लागतं, बायकोला टाटाला. शेलूहून कर्जत लोकलमध्ये उभ्याने परळपर्यंत यायचं आणि मग ओपीडीची रांग, हे आता होत नाही. मुलगा म्हणतो घेऊन विकून टाकू. पण मला विकायला घर नको आहे. एवढ्या गिरण्यांच्या जागेवर मुंबईतच आम्हाला द्या. दोनशे पंचवीस फुटांचं असलं तरी चालेल.