शब्दचर्चा: ऑन्टॉलॉजी इंजिनीअरिंगला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: भाषा-तंत्रज्ञानावर संशोधन करणाऱ्या विद्यापीठांच्या माहितीत 'ऑन्टॉलॉजी इंजिनीअरिंग' सारखं वाचायला मिळतं. कॉम्प्युटर, भाषाशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे तिन्ही विभाग त्यात एकत्र काम करत असतात. ऑन्टॉलॉजीला मराठीत सत्ताशास्त्र किंवा सत्तामीमांसा म्हणतात, मग 'सत्ताशास्त्र अभियांत्रिकी' म्हणावं का? मला तरी ते राजकारणातलं काहीतरी वाटतं.

उत्तर: नका म्हणू. तत्त्वज्ञानात सत्ताशास्त्र म्हणजे अस्तित्वात काय काय आहे, कुठल्या प्रकारे आहे याचा विचार. कॉम्प्युटरमधली ऑन्टॉलॉजी ही बांधलेली वस्तू असते, फाइल उघडून बघता येते, आणि एकाच विषयावर दोन-चार वेगवेगळ्या असू शकतात. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांची 1993 ची व्याख्या अजून सगळे वापरतात, म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पनांची आपल्या डोक्यात जी मांडणी असते ती स्पष्ट लिहून काढली की झाली ऑन्टॉलॉजी, फक्त ती मशीनला तर्क करता येईल अशी लिहायची. त्यासाठीची 'आऊल' (OWL) ही भाषा डब्ल्यूथ्रीसीने (W3C, वेबचे मानक ठरवणारी संस्था) 2004 मध्ये प्रमाण केली.

प्रश्न: मग वर्डनेट आणि हे एकच का?

उत्तर: सख्खे शेजारी म्हणा. वर्डनेट म्हणजे कॉम्प्युटरसाठीचा शब्दकोशच, 1985 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी सुरू केलं, त्यात समानार्थी शब्दांचे गट करून ते एकमेकांना जोडलेले असतात. आयआयटी मुंबईत हिंदी आणि मराठी वर्डनेट याच धर्तीवर झालं. पण ते शब्दांपासून सुरू होतं, ऑन्टॉलॉजी संकल्पनेपासून.

'वर' घ्या. 'तिला वर मिळाला' म्हणजे नवरा मिळाला की वरदान? 'मान' असता तर लिंगावरून कळलं असतं, दुखते ती मान आणि मिळतो तो मान, पण इथे दोन्ही वर पुल्लिंगीच आणि रूपंही सारखीच चालतात. आता 'वराचा मामा' म्हटलं की आपल्याला लगेच कळतं, कारण मामा माणसाला असतो, वरदानाला नसतो. ही साधी गोष्ट मशीनला कुणीतरी लिहून द्यावी लागते, आणि ती लिहिणं हेच खरं काम.

त्यातही गंमत बघा, नवरा या अर्थाचा 'वर' माणसाचा उपप्रकार म्हणून टाकायचा मोह होतो. निकोला ग्वारिनो आणि क्रिस वेल्टी यांची ऑन्टोक्लीन नावाची, ऑन्टॉलॉजी तपासायची पद्धत इथेच अडवते. लग्न उरकलं की तो वर राहत नाही, माणूस मात्र राहतोच, म्हणजे वर ही भूमिका झाली. विद्यार्थी, पेशंट, भाडेकरू सगळे तसेच. ही तपासणी आली तत्त्वज्ञानातून, 'वर'चे दोन अर्थ सुटे केले भाषाशास्त्राने आणि हे सगळं चालवतो कॉम्प्युटर, म्हणून तर तीन विभाग लागतात. मला हा विषय इतका आवडतो तो यासाठीच.

प्रश्न: पटलं. पण लिहायचं काय?

उत्तर: तत्त्वज्ञानासाठी सत्ताशास्त्र राहू दे. कॉम्प्युटरसाठी मी सरळ ऑन्टॉलॉजी लिहीन, फार तर पहिल्यांदा येईल तिथे 'संकल्पनांचा आराखडा' असं समजावून सांगेन, आणि कामाला 'ऑन्टॉलॉजी-बांधणी' म्हणेन. अनेकवचन 'ऑन्टॉलॉजीज' नको, कंपनीच्या कंपन्या झाल्या तशा ऑन्टॉलॉज्या होऊ देत.