शब्दचर्चा: रक्तातली ‘पातळी’ म्हणायचं की ‘प्रमाण’?

आमच्या मिरजेच्या आत्याला काचबिंदू आहे, रोज रात्री ड्रॉप टाकते. पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं बी ट्वेल्व्ह जीवनसत्त्व आणि होमोसिस्टीन तपासून घ्यायला सांगितलं, तो रिपोर्ट तिला मराठीत सांगायला गेलो आणि तिथंच गाडी अडली. “तुझ्या रक्तातली बी ट्वेल्व्हची पातळी खाली आलीय” म्हणलं तर म्हणते, मग बरंच झालं की! आता पावसाळ्यात आमच्याकडं पातळी म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, खाली आली की सगळे हुश्श करतात. मग ‘प्रमाण’ म्हणू का? आणि होमोसिस्टीन हे एक ‘अमिनो आम्ल’, ते वाढलंय म्हणल्यावर तिनं लगेच विचारलं, ॲसिडिटीचं ना ते? काय सांगायचं ओ?

सांगलीवाडीकर: प्रमाण चालतंय, पण तेही जड. लॅबच्या खिडकीवर लोक काय बोलतात ऐका, “बी ट्वेल्व्ह कमी आलंय”, “शुगर चढलीय”. पातळी पण नाही, प्रमाण पण नाही, नुसतं क्रियापद. तेच वापरा.

कृष्णाकाठ: आम्लाचा घोळ मोठा आहे. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्या विटा, आम्लपित्ताशी संबंध नाही. होमोसिस्टीन मात्र या कुटुंबातलं असून प्रोटीनच्या भिंतीत बसत नाही, शरीरात तयार होतं आणि त्याची विल्हेवाट लावायला बी ट्वेल्व्ह, फोलेट आणि बी सिक्स लागतं, म्हणून ती कमी पडली की हे रक्तात साठतं. म्हणजे आत्याच्या रिपोर्टात एक कमी आणि दुसरं जास्त हे बहुतेक एकाच गोष्टीचे दोन आकडे. गंमत म्हणजे ‘व्हिटॅमिन’ शब्दातच ‘अमिन’ हा रसायनांचा एक प्रकार लपलाय, 1912 साली फुंक या शास्त्रज्ञानं ‘जगण्याला लागणारे अमिन’ म्हणून नाव ठेवलं, पुढं कळलं की सगळी काय अमिन नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपल्या ‘जीवनसत्त्व’वाल्यानं अमिन गाळून नुसता जीव ठेवला, हुशार माणूस. (आणि लिहिताना दोन त, सत् + त्व, पोस्टरवर सगळीकडं एकच असतो.)

तासगावची: काचबिंदूला ‘ग्लुकोमा’ लिहू नका कुणी, ग्लॉकोमा. ग्लुकोजशी नातं नाही, ग्रीक ‘ग्लाउकोस’ म्हणजे निळसर करडा. माझ्या सासूबाई ग्लुकोमा ऐकून वर्षभर साखर सोडून बसल्या होत्या. आणि काचबिंदूत ‘बिंदू’ बिंदू काही दिसत नाही, मोतीबिंदूच्या जोडीनं आलेला शब्द असावा, त्यामुळंच लोकांना वाटतं ऑपरेशन केलं की नजर परत येईल. मोतीबिंदूत येते, काचबिंदूत डोळ्यामागची नस गेलेली परत येत नाही.

सांगलीवाडीकर: पातळीवरनं आठवलं. काचबिंदूत डोळ्याचं प्रेशर बघतात, साधारण 21 च्या (मिलिमीटर पारा) आत नॉर्मल धरतात, पण काहींची नस त्याच्या आतच खराब होते. आमच्याकडं सूर्यवंशी प्लॉटात इशारा पातळी यायच्या आधीच पाणी शिरतंय, तसंच ते. आणि काचबिंदूवाल्यांच्या रक्तात जीवनसत्त्वं, होमोसिस्टीन किती हे तपासलेल्या अभ्यासांत तर धोक्याची अशी रेषाच नसते, या गटाची सरासरी आणि त्या गटाची सरासरी एवढंच. होमोसिस्टीनचे निकाल एकसारखे नाहीत, कुठं जास्त, कुठं फरकच नाही. बी थ्री म्हणजे निकोटिनामाइडची चर्चा जास्त, 2017 मध्ये उंदरांना पाण्यातून दिल्यावर काचबिंदूपासून बचाव झाला होता, आता माणसांवर तपासणी चालू आहे. (निकोटिन दिसलं म्हणून तंबाखू मळणाऱ्यांनी खूश होऊ नये, तंबाखूतलं निकोटिन म्हणजे हे जीवनसत्त्व नव्हे.) त्यामुळं अशा अभ्यासांच्या बातमीत मी ‘पातळी’ नाहीच लिहिणार, ‘सरासरीनं कमी आढळलं’ लिहीन.

कृष्णाकाठ: हे पटलं. पातळी म्हणलं की लोक धोक्याची खूण शोधतात.

सगळ्यांचे आभार. काल आत्याला सांगितलं, बी ट्वेल्व्ह उतरलंय म्हणून होमोसिस्टीन चढलंय, एका दमात समजलं. पुढचा प्रश्न, “मग गोळ्या सुरू झाल्या तर ड्रॉप बंद करू का?” नाही म्हणून तीनदा सांगितलं, बाटलीवर चिठ्ठी पण चिकटवलीय.