‘कुलीन’, ‘अभिजात’, ‘खानदानी’: नेमका फरक काय?

प्रश्न : ‘अभिजात’ म्हणजे ‘उच्च कुळात जन्मलेला’. मग संगीत किंवा भाषा अभिजात कशी? आणि नाम ‘अभिजात्य’ की ‘आभिजात्य’?

उत्तर : नाम ‘आभिजात्य’च. पंडित–पांडित्य, सुंदर–सौंदर्य यांत होते तशी इथेही पहिल्या स्वराची वृद्धी होते (‘अ’चा ‘आ’, ‘उ’चा ‘औ’). ती नको असेल तर ‘अभिजातता’ लिहावे. ‘अभिजात्य’ छापून आले तरी चूकच.

अर्थाचे म्हणाल तर मुळात ‘जन्’ धातू आहे, आणि जन्म उच्चच असला पाहिजे असे नाही. गीतेच्या १६व्या अध्यायात तिसऱ्या श्लोकात दैवी संपत्ती घेऊन जन्मलेला तो ‘अभिजात’, आणि लगेच चौथ्यात आसुरी संपत्ती घेऊन जन्मलेलाही ‘अभिजात’च! तिथे ‘कुलीन’ अर्थ लावला की श्लोक कोसळतो. कुळाची बढाई येते ती १५व्या श्लोकात, ‘आढ्योऽभिजनवानस्मि’ अशी. पण तो शब्द ‘अभिजन’. (व्याकरणात ‘अभिजन’ म्हणजे पूर्वज राहिले ते ठिकाण, आपण राहतो तो ‘निवास’. आज मात्र तो ‘बहुजन’च्या विरुद्ध वापरतात.)

आजच्या मराठीत ‘अभिजात’ जन्मापासून सुटून गुणाला चिकटला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला दर्जा दिला तो ‘अभिजात भाषा’ म्हणून. तिथे प्राचीनता आणि पिढ्यान्‌पिढ्या वारसा मानलेले प्राचीन वाङ्मय अभिप्रेत आहे. ‘अभिजात अभिरुची’ शोभते, ‘अभिजात मुलगी’ कानाला खटकते. माणसाच्या जन्माबद्दल बोलायचे तर ‘कुलीन’ वापरा.

पुरवणी : ‘खानदानी’ सरसकट ‘कुलीन’च्या जागी घालू नये. ‘खानदानी वैर’ म्हणजे फक्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वैर, त्यात कुलीनता कसली! ‘घरंदाज’मध्ये जन्मापेक्षा वागण्यातली अदब जास्त असते, आणि ‘घरंदाज गायकी’ म्हणजे घराण्याच्या शिस्तीत तयार झालेली.

लेखनाचे : ‘कुलीन’, ‘कुलदैवत’ तत्सम, म्हणून ‘कु’ ऱ्हस्व. मराठी ‘कूळ’ दीर्घ, पण सामान्यरूपात ऱ्हस्व : कुळाचा, कुळात. खंडाने जमीन कसणाराही ‘कूळ’च, तेव्हा ‘मोठे कूळ’ लिहिताना मागचापुढचा संदर्भ स्पष्ट असू द्या.