मदत हवी आहे: मेलेला बेंटन परत येतो हे बाबांना सांगू की नको? (स्कार्पेटा मालिका, रहस्यभेद आहे!)

तारकर्लीची_लेक

नमस्कार मंडळी, आधीच सांगते, पॅट्रिशिया कॉर्नवेलची स्कार्पेटा मालिका (शवविच्छेदन करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरीणबाईच्या रहस्यकथा) वाचायची असेल आणि अजून वाचली नसेल तर इथूनच मागे फिरा, खाली सगळं फोडून ठेवलंय, मग मला शिव्या घालू नका.

आमची घरगुती खानावळ आहे आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. बाबा पोलिसात होते, हेडकॉन्स्टेबल म्हणून रिटायर झाले, अर्धी नोकरी किनाऱ्यावरच्या ठाण्यांत काढली. आता काचबिंदूमुळे नजर गेल्यात जमा. टीव्ही नुसता ऐकतात आणि चिडतात. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक खोलीत पोस्टमॉर्टेम विसरून गेलं (पुस्तक हो! १९९०चं, मालिकेतलं पहिलं). जुलै होता, होड्या वर ओढलेल्या, पर्यटक शून्य, लाईट गेलेली, बाबा म्हणाले काय ता वाचून दाखव. मी बीए इंग्लिश, तोंडावर भाषांतर करत सुटले, अर्धं मराठी अर्धं मालवणी, आणि रात्री दीड वाजता बाबा म्हणतायत फुडे वाच.

तेव्हापासून घरात हेच चाललंय. बाकीची पुस्तकं भावाने डोंबिवलीहून किलोवर घेऊन एसटीच्या पार्सलने पाठवली, दोनांना कसर लागलीय, एकाची शेवटची पानं बुरशीने चिकटलेली ती मी वाफेवर धरून सोडवली.

बाबांना ही बाई का आवडली ते सांगते. त्यांनी जन्मभर वाहून आलेली मडी उचलली, पंचनामे लिहिले, आणि शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले. आत काय चालतं ते त्यांना कधी नीट कळलंच नाही, रिपोर्टावर दोन ओळी यायच्या. स्कार्पेटा त्यांना आत घेऊन गेली. नखाखाली काय सापडलं, कपड्यावरचा एक धागा चिमट्याने कसा उचलला, कुठला अवयव किती भरला, सगळं. सातव्या पुस्तकात (कॉज ऑफ डेथ, १९९६) ती स्वतः थंडगार पाण्यात बुडी मारून पाणबुड्याचं प्रेत बघायला जाते तेव्हा बाबा खाटेवर उठून बसले होते. तक्रार एकच, दर पुस्तकात तीच, "ह्यांका पंच लागणत नाय काय गो? सही कोण करता?"

आणि एक गंमत. पुस्तकं "मी" अशी लिहिलेली, म्हणजे स्कार्पेटाच बोलते. मी पण वाचताना मी मी करत वाचते. तर बाबा मलाच ओरडतात, "तू एकटी थंय कित्याक गेलंस?" मी सांगते बाबा मी नाही गेले, ती गेली. पण एकदा ओरडून झालं की तेही हसतात.

आता मुद्द्यावर येते. नवव्या पुस्तकात (पॉइंट ऑफ ओरिजिन, १९९८) बेंटन मरतो, म्हणजे तिचा तो एफबीआयवाला. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. बांगड्याचं तिकलं केलं होतं, ताट तसंच. "बरो मनीस होतो" एवढंच म्हणाले. दहावं, ब्लॅक नोटिस, आवडलं, रिचमंडच्या बंदरात कंटेनरमध्ये कुजलेलं बेवारस प्रेत मिळतं, हे तर त्यांच्याच खात्याचं काम. अकरावं आता संपत आलंय. आणि मी मूर्खासारखी पुढच्या पुस्तकांचा क्रम शोधायला गेले आणि वाचलं की बाराव्यात (ब्लो फ्लाय, २००३) बेंटन जिवंत आहे!!! मेलाच नव्हता, लपवून ठेवला होता!

मला स्वतःलाच इतका राग आला की पुस्तक तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय. बाबांना आधी सांगू, तसंच वाचू, की मालिका अकराव्यावर संपली म्हणून खोटं बोलू? आणि पुढची पुस्तकं वाचण्यासारखी आहेत का? लोक काहीही बोलतायत, कोणी म्हणतं पहिली दहा सोनं आणि पुढे कचरा, कोणी म्हणतं नंतर परत जमलंय. कृपया ज्यांनी खरंच वाचलीत त्यांनीच सांगा.

चिपळूणकर_वाचक

ताई खोटं बोला. सरळ सांगा लेखिका दमली. मी २००३ साली ब्लो फ्लाय मुंबईत फुटपाथवर पूर्ण पैसे देऊन घेतलं होतं, तो राग अजून उतरला नाही. मेलेला माणूस परत आला म्हणून नाही हो, आमच्याकडे दशावतारात रोज येतात. पण नवव्या पुस्तकात त्या बाईने जे दुःख केलं ते मी पण केलं होतं ना. आणि ती स्वतः प्रेतांची एवढी जाणकार, तिलाच पाच वर्षं फसवलं? मग आधीची आठ पुस्तकं कशाला वाचली आम्ही, प्रेत कधी फसवत नाही हेच तर ती सांगत होती.

अजून एक. आधी खून व्हायचा आणि ती शोधायची. नंतर नंतर प्रत्येक खुनी हिच्याच घरच्यांच्या मागे. हीच बळी, हीच संशयित, भाची हेलिकॉप्टर उडवतेय, करोडपती झालीय. टेबलावरचं प्रेत राहिलं बाजूला. आणि हिचं वय तर मध्येच थांबलं.

रत्नांग्री_नर्स

मी उलट सांगणार. मला ती भाची, लुसीच आवडते! पहिल्या पुस्तकात दहा वर्षांची पोर, मावशीच्या कॉम्प्युटरशी खेळणारी, तिला मोठं होताना बघायला मी पुढची वाचली. सगळी चांगली नाहीत हे मान्य, मधली चार-पाच मी ड्युटीवर रात्री कशीतरी ढकलली आणि मरिनो (स्कार्पेटाचा जुना पोलिस सहकारी) बुक ऑफ द डेडमध्ये (२००७) जे करतो त्यानंतर त्या माणसाबद्दल वाचवेना. बाबांना मरिनो आवडत असेल तर ते पुस्तक दाखवूच नका, खरंच.

पण @तारकर्लीची_लेक तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ब्लो फ्लायपासून "मी" जातं. "ती" येते. खुन्याच्या डोक्यात पण शिरते लेखिका. ते थेट २०१०च्या पोर्ट मॉर्च्युअरीपर्यंत, तिथे परत "मी" सुरू. म्हणजे मधली पुस्तकं तुम्ही वाचाल तेव्हा बाबा तुम्हाला ओरडणार नाहीत.

झावळी

मराठीत काय कमी आहे का हो? आपल्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या, हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसाने, वाचून दाखवायला भाषांतराचा त्रास नाही. झुंजार म्हातारा झाला नाही म्हणून कोणी रडलं नाही, आणि इथे त्या डॉक्टरीणबाईचं वय थांबलं म्हणून बोंबाबोंब.

चिपळूणकर_वाचक

@झावळी झुंजार कधी म्हातारा होणार असं अर्नाळकरांनी सांगितलंच नव्हतं. हिने पहिल्या पुस्तकात चाळिशीची बाई दिली, सिगरेट ओढणारी. मग मध्येच घड्याळ मागे फिरवलं. फरक आहे.

कुडाळचा_डॉक्टर

उशिरा लिहितोय, माफ करा. मी ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं शवविच्छेदनं केली आहेत, त्यामुळे तुमचे बाबा बाहेर ज्या बाकावर बसायचे त्याच्या आतल्या बाजूला मी असायचो असं समजा.

पहिली पुस्तकं खरी का वाटतात, कारण कॉर्नवेल रिचमंडच्या मेडिकल एक्झामिनर ऑफिसातच (तिकडचं सरकारी शवविच्छेदनाचं ऑफिस) नोकरी करायच्या, लेखन आणि कॉम्प्युटरचं काम. डॉ. मार्सेला फिएरो म्हणून तिथल्या खऱ्या डॉक्टर, नंतर व्हर्जिनियाच्या चीफ झाल्या, त्यांच्यावरून स्कार्पेटा सुचली. पाचव्या पुस्तकातली बॉडी फार्म पण खरी, टेनेसीत नॉक्सव्हिलला डॉ. बिल बास यांनी सुरू केलेली, दान केलेले देह उघड्यावर ठेवून कुजण्याचा अभ्यास करतात. आमच्याकडे शिकवलेला ठोकताळा म्हणजे देह हवेत १ आठवड्यात जेवढा कुजतो तेवढा कुजायला पाण्यात २ आठवडे, जमिनीत ८. पण मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर हवेतलं गणित दीड दिवसात आटपतं, हे बाबांना विचारा, ते नाकाने सांगतील.

बाबांचा पंचाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तिकडे डॉक्टर स्वतः जागेवर जाऊ शकतो, चौकशीचा अधिकारच त्याच्या ऑफिसकडे. आपल्याकडे आकस्मिक मृत्यूची चौकशी पोलिसांची, पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७४, आता १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १९४, पंच आणि पंचनामा त्यातच. प्रेत आमच्याकडे येतं ते कागद घेऊन. मुंबईत कॉरोनर (अशा मृत्यूंची चौकशी करणारा वेगळा अधिकारी) होता, १८७१च्या कायद्याने, तोही १९९९ला बंद झाला.

बुडालेल्याचं काय बघतो ते पण सांगा त्यांना, बाहेर बसून राहिले ना इतकी वर्षं. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, पुसला तरी छाती दाबली की परत येतो. हातात गच्च धरलेली वाळू किंवा शेवाळ, म्हणजे पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता. मग हाडातल्या मगजात डायअ‍ॅटम शोधतात, पाण्यातली सूक्ष्म शेवाळं ती, हृदय चालू असेल तरच तिथपर्यंत पोचतात. पापण्या आणि ओठ गेलेले दिसले तर घाबरायचं नाही, बहुतेक वेळा कुर्ल्या आणि मासे. आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, कशात ठेवून पाठवतो माहितीये? मिठाच्या संपृक्त पाण्यात. आपलं साधं मीठ.

पुढच्या पुस्तकांबद्दल: १२ ते १८ मला जमली नाहीत. प्रयोगशाळेचा निकाल तासाभरात हातात येतो हे वाचून मी अनेकदा पुस्तक मिटलंय, आम्ही महिनोन् महिने वाट बघितलीय. २०१६च्या केऑसनंतर पाच वर्षं गॅप होती, मग ऑटॉप्सीपासून (२०२१) ती परत व्हर्जिनियात येते, तिथून बरं आहे. पहिल्यासारखं नाही पण टेबलाजवळ तरी उभी राहते.

बेंटनचं मात्र खोटं बोलू नका. पोलिसाला खोटं कळतं.

रत्नांग्री_नर्स

डॉक्टर +१. आणि प्राइमने निकोल किडमनला घेऊन मालिका केलीय ना, बाबांना आजूबाजूच्या कोणाकडून तरी कळणारच. तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

तारकर्लीची_लेक

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचा निरोप बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. फेसाचं माहीत होतं त्यांना, म्हणाले आमी पण पुसून बघू. वाळूचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प बसले, मग एक जुनी केस सांगितली, मुठीत शेवाळ होतं आणि ह्यांनी पंचनाम्यात "हाताची मूठ बंद" एवढंच लिहिलं होतं. ते काय होतं ते आज कळलं म्हणाले. नाव नाही सांगितलं, मी विचारलंही नाही.

काल रात्री अकरावं संपलं. जेवणं झाल्यावर म्हटलं आता होऊन जाऊ दे. सांगितलं, बाबा, बेंटन मेला नव्हता, त्याला जिवाचा धोका होता म्हणून सरकारनेच मेला असं दाखवून लपवला, आणि मरिनोला ठाऊक होतं. मला वाटलं आता चिडतील नाहीतर रडतील, मी पाण्याचा तांब्या पण जवळ घेऊन बसले होते. पंख्याचा आवाज आणि बाहेर समुद्राची गाज, बाकी काही नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपले.

मग म्हणाले, "आणि त्या दुसऱ्या मड्याच्या पंचनाम्यार सही कोणी केली?"

मी म्हटलं बाबा, तिकडे पंचनामा नसतो.

"म्हणान तर असां होता," म्हणाले, आणि उठून बसले. "खंय ठेवलंस ता पुस्तक? तांदळाच्या डब्याकडसून बुरशेचो वास येता, कालपासून सांगतंय तुका."

पहिली चाळीस पानं झाली. "ती" म्हणून वाचायला जीभ वळत नाही माझी, दोनदा चुकून "मी" म्हटलं आणि दोन्ही वेळा ओरडा खाल्ला. आता १३वं लागेल, ट्रेस, २००४चं. सिंधुदुर्गात कोणाकडे असेल तर सांगा, पार्सलचे पैसे मी देते, बुरशी असली तरी चालेल.