पॅकेजचा आकडा नीट फोडून बघा
मोठ्या टेक कंपनीतल्या ताणाच्या नोकरीबद्दल "पगार दीडपट मिळत असेल तर दोन वर्षं रगडून घ्यावं" असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटलं. अशा पॅकेजमधला मोठा हिस्सा बऱ्याचदा कंपनीच्या शेअर्सचा असतो आणि ते सहसा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हातात येतात. अ‍ॅमेझॉनमध्ये तर बरीच वर्षं ५, १५, ४०, ४० टक्के अशी विभागणी होती. म्हणजे दोन वर्षांनी वैतागून सोडलं की ८० टक्के शेअर्सवर पाणी! (भाव पडला तर ते आणखी वेगळंच.)

आणि कंपनीपेक्षा टीम बघा. एक टीम सहाला लॅपटॉप मिटते, शेजारची रात्री तीनला पेजर (सिस्टीम बिघडल्याचा इशारा) वाजला म्हणून उठून बसते. मुलाखतीत मॅनेजरला सरळ विचारा, ऑन-कॉल (बिघाड झाला की कधीही हजर व्हायची पाळी) किती आठवड्यांनी येतो, गेल्या महिन्यात रात्रीचे अलर्ट किती आले? तो घुटमळला की काय ते समजून जा.