मुलुंड, ठाणे की डोंबिवली? मदत हवी आहे

मंडळी, जूनमध्ये नाशिकहून मुंबईला शिफ्ट होतोय, भाड्याने २ बीएचके शोधतोय. माझं ऑफिस बीकेसीला आणि बायकोचं ऐरोलीला, म्हणजे मला सेंट्रल लाइनने कुर्ला गाठायचं आणि तिला ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल. आईबाबा सोबत असणार, बाबांच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट पाहिजेच.

मुलुंड ईस्ट मनात भरलंय कारण ऐरोलीचा पूल जवळ, २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोलही नाही, पण भाडी ऐकून घाम फुटला. घोडबंदर रोडला त्याच पैशात मोठा फ्लॅट मिळतो म्हणे, पण ठाणे स्टेशनला यायलाच ट्रॅफिकमध्ये जीव जाणार असेल तर काय उपयोग? डोंबिवली बजेटमध्ये बसते, आईला तर तेच हवंय (मावशी राहते ना तिथे!), पण सकाळच्या फास्ट लोकलला चढायचं कसं ते कोणीतरी सांगा.

मुलुंडहून ९ च्या सुमारास धड उभं तरी राहता येतं का? आणि पावसात पाणी कुठल्या भागात भरतं? ब्रोकरला विचारलं तर सगळंच स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतं, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनीच सांगा प्लीज. भाड्याचा अंदाज दिलात तर फारच बरं.