विणकामातल्या 'गेज'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
भाचीसाठी इंग्रजी पुस्तकातला स्वेटर विणायला घेतलाय. सुरुवातीलाच 'गेज' दिलंय: ४ मि.मी. सुईवर १० सें.मी.त २२ टाके, २८ ओळी. विणकाम आई-मावशीकडून शिकले, पण याला त्या काय म्हणायच्या ते आठवत नाही. 'मापन' कोरडं वाटतं आणि 'ताण' तर नकोच.

प्रतिसाद १
आमच्या घरी 'हात' म्हणायचे. 'तिचा हात घट्ट आहे, तिला जाड सुई दे.' 'माझा हात सैल, मी चार टाके कमीच घालते.' लोकर तीच, सुई तीच, तरी इंचात टाके प्रत्येकीचे वेगळे बसतात. गेज म्हणजे नेमकं तेच. ब्रिटिश पुस्तकांत त्याला 'टेन्शन' म्हणतात. मला 'हात' जास्त आवडतो.

हिशोबाला मात्र 'इंचाला टाके' असंच म्हणावं. १० सें.मी. म्हणजे जवळपास ४ इंच, म्हणून इंचाला साडेपाच. छाती ३६, सैलपणा २, एकूण ३८. पाठीला १९ इंच, म्हणजे १०४ टाके. तुमचा हात इंचाला ५ निघाला तर तेच १०४ टाके जवळजवळ २१ इंच भरतील, आणि पुढची बाजू धरून घेर साडेतीन इंचांनी वाढेल! म्हणून आधी वीतभर तुकडा विणा, धुवा, वाळल्यावर मधोमध मोजा. या तुकड्याला 'वानगी' म्हणावं असं मला फार वाटतं. 'नमुना' म्हटलं की डिझाइन डोळ्यांपुढे येतं.

प्रतिसाद २
'ओळ' कशाला, 'सुई' म्हणा ना. 'पहिली सुई सुलट, दुसरी उलट.' फक्त '१० नंबरच्या सुईवर १० सुया' लिहिताना जपा. नंबरही तपासा. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., आणि नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, तिथली ८ नंबर ५ मि.मी.ची असते.

प्रश्नकर्ती
'हात' वाचलं आणि मावशीचा आवाजच ऐकू आला. वानगी विणली, हात साडेपाचच निघाला. आता बाही: मनगटाशी ४८ टाके, दंडाला ८०. वाढवायचे ३२, दोन्ही कडांना एकेक, म्हणजे १६ वेळा. लांबी १५ इंच, इंचाला ७ सुया, एकूण १०५. दर सहाव्या सुईला वाढवले तर ९६ सुयांत काम होतं. उरलेल्या ९ न वाढवता विणायच्या, मग मुंढा. बरोबर ना?

प्रतिसाद १
अगदी बरोबर. मुंढ्याला दोन टाक्यांचा एक करत जा, दोन्ही कडांना सारखेच.